रक्त हिरवं, शिव्या मात्र खऱ्या

'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया', म्हणजे पोरांच्या तोंडचं बीजीएमआय, हा मोबाइलवरचा बंदुकांच्या लढाईचा खेळ. तो २०२१ च्या जुलैत भारतात आला तेव्हा त्यात गोळी लागल्यावर उडणारं रक्त हिरवं होतं. समोरचा मेला की पडद्यावर 'किल' न येता 'फिनिश' यायचं. खेळ सुरू होण्याआधी सूचना असायची की हे आभासी जग आहे, खऱ्या आयुष्याशी त्याची गल्लत करू नका. याच खेळाची आधीची आवृत्ती, पबजी मोबाइल, २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारनं ११८ ॲप बंद केली त्यांत बंद झाली होती. ती बंदी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली, देशाची सुरक्षा आणि सार्वभौमत्व या कारणांसाठी होती. खेळ हिंसक आहे म्हणून नव्हती. तरी खेळ परत आला तेव्हा आपल्यासमोर ठळकपणे मांडलेली सुधारणा कोणती, तर रक्ताचा रंग. आणि पालक, शिक्षक, पुढारी अशा आपण सगळ्यांनी ती सुधारणा म्हणून मुकाट्यानं स्वीकारलीही.

मला या गोष्टीची चीड येते. मी धनकवडीच्या बाजूला एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला शिकवते. वर्गातल्या मुलांच्या भांडणांची मुळं कुठे असतात हे मला रोज बघावं लागतं, आणि त्यातली बरीच भांडणं आता मोबाइलवरच्या खेळातून वर्गात येतात, हे मी नाकारत नाही. पालकसभेत दर वेळी कुणीतरी उठून म्हणतंच, "इतकं खरंखुरं दाखवतात मॅडम, पोरं बिघडणारच." बोलणाऱ्याची काळजी खरी असते. पण त्या वाक्यात दडलेलं 'म्हणून' चुकीच्या जागी बसलंय, असं माझं ठाम मत आहे. चित्र खरं दिसतं म्हणून मुलगा आक्रमक होतो, हा समज तपासून पाहिला तर टिकत नाही. आणि तो टिकत नसताना आपण त्याला चिकटून बसतो, तेव्हा खेळातली जी गोष्ट मुलाला खरोखर पेटवते ती नजरेआड राहते.

हा समज आजचा नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत 'डेथ रेस' नावाचा नाणं टाकून खेळायचा खेळ आला होता. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर काड्यांच्या हातापायांची आकृती पळायची, खेळणाऱ्यानं तिच्यावर गाडी घालायची, की त्या जागी थडग्याचा दगड उभा राहायचा. कंपनी म्हणत होती ती माणसं नाहीत, भुतं आहेत. तरी तिकडे केवढा गहजब झाला. आज ती आकृती चौथीतल्या मुलाला दाखवली तर हा माणूस आहे की खुर्ची, असं तो विचारेल. पुढे १९९२ मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' आला. त्यात खऱ्या नटांची चित्रं घेऊन पात्रं बनवली होती. डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये त्यावर सुनावणी झाली आणि १९९४ मध्ये तिकडची वयानुसार श्रेणी देणारी व्यवस्था जन्माला आली. श्रेणीची व्यवस्था चांगलीच झाली, तिला माझा विरोध नाही. पण त्याच खेळाच्या निन्टेन्डोवरच्या आवृत्तीत रक्त करड्या रंगाचं करून त्याला घाम म्हटलं होतं, हे विसरू नये. तीस वर्षांपूर्वी तिकडे करडं, आता आपल्याकडे हिरवं. प्रत्येक पिढीला आपल्या काळातलं चित्र भयंकर खरं वाटतं आणि मागच्या पिढीचं बाळबोध.

आपल्या मुलांनी युद्ध कधी खेळलं नाही असंही नाही. दिवाळीत पुण्यातल्या वाड्यावाड्यांत आणि आता सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये मातीचे किल्ले होतात. त्यावर तोफा येतात, मावळे येतात, खाली गनिमाची छावणी पडते. टिकल्यांचं पिस्तूल कमरेला खोचून मुलं एकमेकांच्या मागे धावतात. किल्ला जितका खऱ्यासारखा, तितकं त्याचं कौतुक. बुरुजाचा उतार चुकला तर आजोबा येऊन सांगतात. खरेपणानं तिथे कुणाला इजा झाली नाही, कारण तिथे मुलाचं लक्ष किल्ला जमण्याकडे असतं. फोनवरच्या मुलाचं लक्ष कुठे असतं, हे आपण त्याला विचारत नाही.

मी विचारलं. गेल्या पावसाळ्यात शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर नववीच्या चौघांना म्हटलं, मला एक पूर्ण डाव दाखवा. त्यातला एक घरी पळत जाऊन फोन घेऊन आला आणि आम्ही समोरच्या इमारतीच्या पायऱ्यांवर बसलो. फोनच्या कोपऱ्यात काचेला तडा, त्यावर सेलोटेप. तापतो म्हणून मागचं कव्हर काढून ठेवलेलं. खेळ उघडल्यावर त्यानं आधी सेटिंगमध्ये जाऊन ग्राफिक्स तपासले. ते 'स्मूद'वर होते, म्हणजे खालच्या पायरीवर. मी म्हटलं, फोन स्वस्त आहे म्हणून का? तर शेजारचा म्हणाला, "नाही मॅडम, माझ्या दादाचा फोन भारी आहे, तोपण स्मूदच ठेवतो. एचडीआर लावलं, म्हणजे चित्र एकदम भारी केलं, की गवत दिसतं, आणि गवतात माणूस दिसत नाही."

या एका वाक्यात पालकसभेतल्या त्या वाक्याचं उत्तर आहे. हा खेळ गंभीरपणे खेळणारी, रँक चढवायला रात्री जागणारी मुलं चित्राचा खरेपणा हातानं कमी करून ठेवतात. पानांची सळसळ, पाण्यावरची चकाकी, सावल्या हे सगळं त्यांना अडथळा वाटतं. त्यांना हवा असतो वेग. म्हणून फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, वर आणि ग्राफिक्स खाली. उत्तम चित्र बघत खेळणारा सहसा नवखा असतो किंवा नुसता फिरायला आलेला. खरेपणा जर आक्रमकतेचं बी असेल, तर सगळ्यात जास्त ईर्ष्येनं खेळणाऱ्यानं ते बी आधीच फेकून दिलंय.

डाव सुरू झाला. विमानातून उडी, पोचिंकी नावाच्या गावात उतरणं, घराघरात शिरून बंदुका, गोळ्या, मलमपट्टी गोळा करणं. त्याच्या टीममधला एक गडी अनोळखी होता, माइक चालू ठेवून हिंदीत बोलणारा. पाचेक मिनिटांनी आमच्या मुलाची रेंज गेली, खेळ अडखळला आणि तेवढ्यात त्याला गोळी लागली. तो गुडघ्यावर आला. खेळाच्या नियमानं अशा वेळी सोबत्यानं येऊन उठवायचं असतं. "रिव्हाइव दे, रिव्हाइव दे," हा ओरडत राहिला. अनोळखी गडी आला, पण यानं गोळा केलेला माल घ्यायला टेकला आणि याच्या हिंदीची नक्कल करून हसला. मग गावंढळ म्हणाला. मग आईवरून एक शिवी. मुलाचे कान लाल झाले. त्यानं तशीच शिवी परत द्यायला तोंड उघडलं, मी शेजारी बसलेय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं घाईघाईनं आवाज बंद केला. पुढची दहा मिनिटं तो कुणाशी बोलला नाही. बोटं मात्र इतक्या जोरात चालली होती की मला त्या सेलोटेपची काळजी वाटली.

नंतर मी चौघांना विचारलं, गोळी लागली तेव्हा रक्ताचा रंग कोणता होता? एक म्हणाला हिरवा, दुसरा म्हणाला पिवळा असावा, बाकीच्या दोघांनी खांदे उडवले. शिवी काय होती, हे त्यांना विचारायची गरज नव्हती.

आता शास्त्र काय म्हणतं ते बघू, कारण चार मुलांवरून निष्कर्ष काढणं बरं नाही. ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठात डेव्हिड झेंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका खरेपणाचाच प्रश्न घेतला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत मिळून ३,००० हून अधिक माणसं होती. एका प्रयोगात लढाईच्या एकाच खेळाच्या दोन आवृत्त्या केल्या. एकीत गोळी लागलेला माणूस खऱ्या देहासारखा, हातपाय लुळे पडत कोसळायचा, दुसरीत तसं काही नव्हतं. खेळ झाल्यावर लोकांना अर्धवट शब्द पूर्ण करायला दिले. मनात हिंसा घोळत असेल तर हिंसेचे शब्द जास्त सुचतील, हा त्यामागचा विचार. खऱ्यासारखं मरण पाहिलेल्यांना तसे शब्द जास्त सुचले नाहीत. झेंडल यांनी स्वतःच सांगितलं की प्रयोग प्रौढांवरचे आहेत, मुलांवर वेगळे करायला हवेत. ही मर्यादा मला महत्त्वाची वाटते, कारण माझ्यासमोर चौदा वर्षांची मुलं बसतात.

त्या वयाचा अभ्यासही झाला आहे. ऑक्सफर्डचे अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि कार्डिफच्या नेटा वाइनस्टीन यांनी २०१९ मध्ये १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलामुलींची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात दोन गोष्टी चोख होत्या. खेळ किती हिंसक हे मुलांच्या सांगण्यावर न सोडता अधिकृत श्रेणीवरून ठरवलं, आणि मुलगा किती आक्रमक हे त्याच्या पालकांना विचारलं. शिवाय काय तपासणार आणि कसं, हे माहिती गोळा करण्याआधीच जाहीर करून ठेवलं होतं, म्हणजे नंतर हवा तो निष्कर्ष काढायची सोय उरली नाही. हिंसक खेळ आणि मुलांची आक्रमकता यांत त्यांना संबंध आढळला नाही.

पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो त्याच प्रझिबिल्स्की यांचा आधीचा, २०१४ चा अभ्यास. रिचर्ड रायन, एडवर्ड डेसी आणि स्कॉट रिग्बी या मानसशास्त्रज्ञांबरोबर त्यांनी 'हाफ-लाइफ २' या खेळात फेरफार केले. एका गटाला रक्तबंबाळ आवृत्ती दिली, दुसऱ्या गटाला अशी दिली की समोरच्याला टिपलं की तो हवेत विरून जाई. वर आणखी एक भेद केला. काहींना खेळाची बटणं आधी शिकवली, काहींना तसंच ढकललं. पुढे आक्रमक भावना कुणात जास्त आढळल्या? ज्यांना बटणं शिकवली नव्हती त्यांच्यात. रक्त होतं की नव्हतं, यानं फरक पडला नाही. याच मालिकेतल्या एका प्रयोगात टेट्रिस वापरला. वरून ठोकळे पडतात आणि ओळी जुळवायच्या, तोच जुना खेळ. त्यांनी त्यात नेमका नको असलेला ठोकळा पाठवायची तजवीज केली. खेळणारे चिडले. टेट्रिसमध्ये कोण कुणाला मारतं? पण माणसाला हतबल केलं, त्याच्या हातात असलेली गोष्ट हातातून काढून घेतली, की राग येतो. रेंज जाऊन गोळी खाणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याला हे कुणी प्रयोगशाळेतून सांगायला नको.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं झाकून ठेवणं मला पटणार नाही. जुना 'डूम' आणि त्याची २००४ ची, कितीतरी अधिक खरी दिसणारी आवृत्ती 'डूम ३' यांची तुलना करणाऱ्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात, नवा खेळ खेळलेल्यांचा शारीरिक आक्रमकतेकडे कल जास्त दिसला होता. २०१८ मध्ये २४ अभ्यास आणि १७,००० हून अधिक मुलं एकत्र धरून केलेल्या विश्लेषणात, हिंसक खेळ खेळणाऱ्यांमध्ये पुढच्या काळात शारीरिक आक्रमकता थोडी वाढलेली आढळली. 'थोडी' हा शब्द त्यातला कळीचा. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये आपली भूमिका सुधारून सांगितली ती अशी, की आरडाओरडा, ढकलाढकली अशा वागण्याशी या खेळांचा छोटासा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसाचाराचं खापर त्यांच्यावर फोडायला पुरेसा आधार नाही. प्रयोगशाळेत आक्रमकता मोजायची पद्धतही ध्यानात ठेवावी. समोरच्याच्या कानात किती मोठा कर्कश आवाज सोडलास, किंवा तिखट न खाणाऱ्याला किती तिखट सॉस वाढलास, यावरून ती ठरते. त्या वाढलेल्या सॉसपासून रस्त्यावरच्या मारामारीपर्यंत फार मोठं अंतर आहे, आणि ते अंतर चर्चेत आपण एका वाक्यात ओलांडतो.

म्हणून मी असं म्हणत नाही की सात वर्षांच्या मुलाच्या हाती काहीही द्यावं. त्याला रक्तामांसाची दृश्यं दाखवू नयेत, कारण तो घाबरतो, रात्री दचकून उठतो. ते कारण पुरेसं आहे. त्यासाठी तो पुढे गुंड होईल असं भाकीत करायची गरज नाही.

गुंडगिरीचा विषय निघालाच आहे तर पुण्यापुरतं बोलते. २०२२-२३ च्या सुमारास शहरात कोयते घेऊन गाड्या-दुकानं फोडणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या सतत येत होत्या, आणि त्यांत अल्पवयीन मुलंही असत. तेव्हापासून आमच्या शिक्षकखोलीत, बसमध्ये, लग्नात, कुठेही विषय निघाला की कुणीतरी मोबाइलच्या खेळाकडे बोट दाखवतं. बीजीएमआयमध्ये विळ्यासारखं एक हत्यार आहे, हेही खरं. पण कोयता मुलाच्या हातात येतो तो भागातल्या मोठ्या मुलाकडून. त्याच्यासोबत येतं ते संरक्षण, खिशात येणारे पैसे, चौकातल्या फ्लेक्सवरचा फोटो आणि 'भाई' म्हणून मिळणारी हाक. शाळा सोडलेल्या, घरी कुणी वाट न बघणाऱ्या मुलाला कुठेतरी किंमत मिळाली, ती तिथे मिळाली. हे सगळं डोळ्यांसमोर घडतं आणि त्यातल्या फ्लेक्सवाल्यांची नावं सगळ्यांना माहीत असतात. त्यांना जाब विचारण्यापेक्षा पडद्यावरच्या चित्राला दोष देणं सोपं आहे, कारण चित्र उलट उत्तर देत नाही. जपान आणि दक्षिण कोरियात हेच खेळ घरोघरी खेळले जातात आणि तिथली हिंसक गुन्हेगारी जगात सगळ्यात कमी असलेल्या देशांत मोडते. तिथे खेळ कमी खरे दिसत नाहीत.

मग खेळात खरं काय आहे? बंदूक खरी नाही, गाव खरं नाही, मरण खरं नाही. मेलेला गडी दोन मिनिटांत पुन्हा विमानात बसलेला असतो. पूर्णपणे खरी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे कानात बोलणारा माणूस. त्याचा आवाज खरा, त्यानं केलेला अपमान खरा, ती शिवी खऱ्या मुलाच्या खऱ्या आईवरून दिलेली. मुलगा ती शिवी घेऊन जेवायला बसतो आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शेजारच्याला देतो. आक्रमकता जर कुठून येत असेल तर ती या वाटेनं येते. आपण पंधरा वर्षांच्या पोराला रोज रात्री अनोळखी मोठ्या माणसांच्या टोळक्यात बसवतो, जिथे हरला की त्याची लाज काढली जाते, आणि वर समाधान मानतो की रक्त हिरवं आहे. मुलींचं तर विचारूच नका. माझ्या दहावीच्या वर्गातली एक मुलगी उत्तम खेळते, पण माइक कधी चालू करत नाही आणि नावही मुलाचं घेतलंय. का, ते तिनं मला सांगितलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे रोखता येत नाही असंही नाही. 'कॉल ऑफ ड्यूटी' बनवणाऱ्या कंपनीनं २०२३ मध्ये खेळ चालू असतानाच द्वेषाचं, छळाचं बोलणं टिपणारी संगणकीय व्यवस्था आणली. आधी उत्तर अमेरिकेत, मग नोव्हेंबरमध्ये जगभर. त्या जगभर या शब्दाला जोडूनच एक अपवाद होता, आशिया वगळून. भाषा सुरुवातीला इंग्रजी. म्हणजे तिकडच्या मुलाच्या कानाची काळजी घेणारं यंत्र तयार झालं तेव्हा आपल्या मुलाचा कान त्याच्या हद्दीतच नव्हता. मराठीत, हिंदीत, कन्नडमध्ये दिलेली शिवी ओळखायची तर त्या भाषांची माणसं बसवावी लागतात, पैसा खर्च करावा लागतो. रक्ताचा रंग बदलायला असला काही खर्च नाही. म्हणून रंग बदलला जातो.

पैशाचंही असंच आहे, आणि पैसा आक्रमकतेशी वाटतो त्यापेक्षा जास्त जोडलेला आहे. २०२१ मध्ये बीजीएमआय आलं तेव्हा अठराखालच्या मुलांसाठी मर्यादा जाहीर झाल्या: दिवसाला तीन तास आणि दिवसाला ७,००० रुपये. पुन्हा वाचा. महिन्याला नाही, दिवसाला. माझ्या वर्गातल्या कितीतरी घरांचा महिन्याचा किराणा एवढ्यात येतो. या पैशातून मुलं 'यूसी' नावाचं खेळातलं चलन घेतात आणि त्यातून पेट्या उघडतात. पेटीत काय निघेल ते नशिबावर. हवी ती बंदुकीची नक्षी निघाली नाही की पुन्हा पेटी. चीननं २०१७ पासून अशा पेट्यांमध्ये काय निघण्याची किती शक्यता आहे हे जाहीर करणं सक्तीचं केलं, बेल्जियमनं २०१८ मध्ये पैसे घेऊन उघडायच्या अशा पेट्यांना सरळ जुगार ठरवलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ बंद केले. त्या कायद्याचं मी स्वागत करते, पण या पेट्यांमधून रोख पैसे परत मिळत नाहीत म्हणून त्यांच्याकडे कुणी वळून बघत नाही.

त्यात रँकची भर. सीझन संपला की चढवलेली रँक खाली येते आणि सगळं पहिल्यापासून. मेहनत गेली, पैसे गेले, झोप गेली आणि शेवटच्या दोन मिनिटांत रेंज गेली, तर तो मुलगा फोन आपटणारच. फोन आपटलेला पाहून घरचे म्हणतात, बघा, मारामारीचा खेळ खेळून कसा झालाय. तोच मुलगा इतकाच वेळ, इतकेच पैसे आणि इतकी इभ्रत लुडोच्या खेळात लावून हरला असता तरी असाच वागला असता.

२०२५ च्या त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या अशा खेळांना, खेळ म्हणून मान्यता दिली. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण एकदा खेळ म्हटला की पंच आला. आमच्या शाळेची कबड्डीची टीम आहे. कबड्डीत अंगाला अंग भिडतं, गुडघे फुटतात, चढाई करणाऱ्याला चौघं मिळून मातीत दाबतात. मोबाइलच्या पडद्यापेक्षा ते शंभर पटींनी खरं आहे, आणि कबड्डी खेळून मुलं हिंसक होतात असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. कारण तिथे समोर पंच उभा असतो. गैरवर्तन केलं की हिरवं कार्ड, पुन्हा केलं की पिवळं आणि दोन मिनिटं बाहेर, त्यापुढे लाल. मुलाला जोर लावायची मुभा आहे, अपमान करायची नाही, आणि ही रेषा कुठे आहे ते त्याला रोज दिसतं. फोनवरच्या खेळात अंगाला अंग लागत नाही, पण अपमानाला रान मोकळं आहे.

म्हणून सरकारकडे, विशेषतः या कायद्याखाली नियम करणाऱ्यांकडे, माझी मागणी सरळ आहे. अठराखालच्या मुलाच्या खात्यावर अनोळखी माणसांचा आवाज मुळातच बंद असावा. सुरू करायचा तर पालकांच्या परवानगीनं. मराठी आणि इतर भारतीय भाषांतल्या शिवीगाळीची तक्रार ऐकणारी माणसं कंपनीनं नेमावीत आणि किती तक्रारींवर काय केलं हे दर वर्षी जाहीर करावं. मुलांच्या खात्यावरून नशिबाच्या पेट्या विकणं बंद व्हावं. हे परदेशी कंपन्यांनाच लागू व्हावं असंही नाही. 'इंडस' हा ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला लढाईचा खेळ सुपरगेमिंग या पुण्यातल्याच कंपनीनं बनवला आहे. आपल्या शहरात हे खेळ घडवण्याची ताकद आहे, तर मराठी मुलाच्या कानावर काय पडतं याची व्यवस्थाही इथेच, सगळ्यांच्या आधी घडवता येईल. एवढं झालं तर रक्त लाल ठेवलं तरी माझी हरकत नाही.

पालकांना मी आता पालकसभेत फोन हिसकावून घ्या असं सांगत नाही. मुलाला हेडफोन काढायला लावा, आवाज स्पीकरवर घ्या आणि त्याच्याशेजारी बसून एक पूर्ण डाव ऐका, असं सांगते. अर्ध्या तासात कळतं की त्याचा कुणाशी संबंध येतो, तो कशानं चिडतो आणि कुणाची भाषा घरात आणतोय. गेल्या सभेत एका वडिलांनी येऊन सांगितलं की त्यांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून मुलगा फक्त वर्गातल्या तिघांबरोबर खेळतो, अनोळखी गडी घेत नाही. खेळ तोच आहे, बंदुकाही त्याच. घरातली आदळआपट कमी झाली, असं ते म्हणाले.